दोन टक्के भाडं, साडेनऊ टक्के व्याज

(युवक शिबिरातील ‘पैसा, घर आणि आपण’ या सत्रात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



मला बोलवताना संयोजकांनी सांगितलं, ‘घर घेऊन भाड्याने देणं ही चांगली गुंतवणूक आहे का, यावर बोला. तुम्ही आयटीतले आहात, तुम्हाला आकडे कळतात.’ मी हो म्हणालो, पण एक गोष्ट त्यांना तेव्हा सांगितली नाही, ती आज सांगतो. मी असं घर घेतलं होतं आणि त्यात माझं साधारण पाच लाखांचं नुकसान झालं. त्यात अब्बांच्या निवृत्तीचेही पैसे होते. त्यामुळे आज एका फसलेल्या माणसाचा हिशेब ऐकायचा आहे, असं समजा. वही-पेन असेल तर काढा, आकडे लिहून घ्या.

आम्ही मिरजेचे. अब्बा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. माझ्या लहानपणी आम्ही बावीस वर्षं एकाच वाड्यात भाड्याने राहिलो. घरमालकीण एक निवृत्त बाई होत्या. अब्बा आजारी पडले त्या वर्षी त्यांनी पाच महिने भाडं मागितलं नाही. अब्बांच्या मनात ‘घरमालक’ या शब्दाची प्रतिमा त्या बाईंची होती. त्यामुळे मी नोकरीत स्थिरावलो तसं त्यांनी एकच लकडा लावला, ‘बेटा, एक घर घेऊन भाड्याने दे. घर कधी बुडत नाही.’

२०२२ च्या जूनमध्ये मी पुण्याच्या दक्षिणेला, उंड्रीत, एक वन बीएचके फ्लॅट घेतला. तयार ताबा, दुसऱ्या मालकाकडून. मी स्वतः वाकडला भाड्याने राहत होतो, कारण ऑफिस हिंजवडीत. उंड्री का? तिथे माझ्या बजेटमध्ये बसत होतं, शिवाय कोंढवा जवळ, म्हणजे आपल्यातला भाडेकरू सहज मिळेल असं वाटलं. या वाक्यात दोन चुका आहेत. त्यांच्याकडे नंतर येतो.

आता आकडे. फ्लॅटची किंमत ४२ लाख. पुण्यात मुद्रांक शुल्क सगळे अधिभार धरून ७ टक्के, म्हणजे २ लाख ९४ हजार. खरेदीदार एकटी स्त्री असेल तर यात एक टक्का सवलत मिळते. ती आम्ही घेतली नाही. कारण? घर अम्मीच्या नावावर घेता येईल, हे आमच्यापैकी कुणाला सुचलंच नाही. नोंदणी फी ३० हजार. एजंट ४२ हजार. रंग, गिझर, पंखे, जाळ्या, प्लंबिंग मिळून ८४ हजार. एकूण साडेशेहेचाळीस लाख. लोक ‘४२ चा फ्लॅट घेतला’ असं सांगतात आणि हिशेबही ४२ वरच करतात. खिशातून गेले साडेशेहेचाळीस, तर हिशेब साडेशेहेचाळीसवरच करायला हवा.

भाडं महिना १४ हजार, वर्षाला १ लाख ६८ हजार. ४२ लाखांवर हे बरोबर चार टक्के होतात. एजंटने मला हेच चार टक्के दाखवले होते.

आता खर्च वजा करा. भाडेकरू बदलतात, म्हणून वर्षात सरासरी एक महिना घर रिकामं धरा : १४ हजार. नवा भाडेकरू आणायला एजंटला अर्ध्या महिन्याचं भाडं : ७ हजार. सोसायटीचं मेंटेनन्स मी भरत होतो : २४ हजार. मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी बिनवापर शुल्क घेते, साधारण १,८०० रुपये. महाराष्ट्रात हे शुल्क सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. तुमची सोसायटी जास्त घेत असेल तर लेखी विचारा. मिळकत कर ९ हजार. पुणे महापालिका स्वतः राहणाऱ्या मालकाला ४० टक्के सवलत देते, भाड्याने दिलं की ती मिळत नाही. दुरुस्ती १० हजार. कराराचा माझ्या वाट्याचा खर्च २,२००. बेरीज ६८ हजार.

हातात राहिले एक लाख. साडेशेहेचाळीस लाखांवर एक लाख म्हणजे सव्वादोन टक्केही नाहीत. आणि हे प्राप्तिकराच्या आधीचं.

आता कर्जाची बाजू. स्वतःचे साडेचौदा लाख घातले, त्यातले सहा अब्बांचे. ३२ लाख बँकेचे, वीस वर्षांसाठी, सात टक्क्यांनी. हप्ता २४,८००. मी ठरवलं, भाडं १४ हजार येईल, वरचे अकराएक हजार पगारातून घालू, वीस वर्षांनी घर आपलं. तुमच्यापैकी अनेकांच्या डोक्यात आज हेच गणित असेल.

मी घर घेतलं त्याच्या महिनाभर आधीच रिझर्व्ह बँकेने रेपो दर वाढवायला सुरुवात केली होती. मे २०२२ ला चार टक्के असलेला दर फेब्रुवारी २०२३ पर्यंत साडेसहा झाला. माझं कर्ज बदलत्या दराचं, त्यामुळे सात टक्क्यांचे साडेनऊ झाले. बँक अशा वेळी सहसा हप्ता तोच ठेवते आणि मुदत वाढवते, म्हणून आपल्याला काही जाणवत नाही. माझ्या बाबतीत तेही जमेना. शिल्लक कर्जावर महिन्याचं व्याजच जवळपास २५ हजार आणि हप्ता २४,८००. सगळा हप्ता व्याजात जाऊन वर दोनशे रुपये कमी पडत होते. बँकेचं पत्र आलं आणि हप्ता ३० हजार झाला.

मी प्रोग्रॅमर आहे. एखादी चूक वर्षभर डोळ्यांसमोर असूनही दिसत नाही आणि एके रात्री अचानक दिसते, याची मला सवय आहे. तसंच झालं. दोन टक्के कमवायला मी साडेनऊ टक्क्यांनी पैसे उसने घेतले होते. घराची किंमत दरवर्षी भरपूर वाढली तरच हे गणित सुटणार होतं. म्हणजे भाड्याच्या नावाखाली मी भाववाढीवर पैज लावली होती.

करात फायदा मिळेल, असंही मला सांगितलं गेलं होतं. तो जुन्या करपद्धतीत मिळतो. भाड्याच्या घरावर झालेला तोटा वर्षाला दोन लाखांपर्यंत पगारातून वजा होतो. मी नवी पद्धत घेतली होती, तिच्यात असा तोटा पगारातून वजा होत नाही. भाड्याच्या उत्पन्नावर ३० टक्के सरसकट वजावट दोन्हीकडे मिळते. पण तोट्याची वजावट धरून कुणी तुम्हाला गणित मांडून दाखवत असेल, तर आधी विचारा, कोणती करपद्धत?

आता त्या दोन चुकांकडे येतो.

पहिली चूक अंतराची. वाकड ते उंड्री म्हणजे पुण्याचं एक टोक ते दुसरं टोक. नळ गळतोय म्हणून फोन आला की शनिवार गेला. भाड्याला लोक ‘बसून मिळणारं उत्पन्न’ म्हणतात. माझे कितीतरी शनिवार दुचाकीवर गेले, बसायला काही मिळालं नाही.

दुसरी चूक सांगायला जड जाते. २०१४ मध्ये मी पुण्यात पहिल्यांदा घर शोधत होतो. फोनवर सगळं ठरायचं, डिपॉझिट ठरायचं, चावी कधी घ्यायची तेही ठरायचं. मग नाव विचारलं जायचं. नाव सांगितलं की फ्लॅट ‘आत्ताच गेला’ असायचा. या सभागृहात असं घडलेले किती जण आहेत, हात वर करायला सांगत नाही. मला माहीत आहे.

तोच मी घरमालक झालो. २०२३ मध्ये पहिला भाडेकरू गेला. एजंटने विचारलं, ‘पार्टी कशी पाहिजे?’ मी म्हणालो, ‘फॅमिली. शक्यतो आपल्यातली. बॅचलर नको.’ चार दिवसांनी त्याने नांदेडकडच्या दोन मुली आणल्या. दोघी एका खासगी रुग्णालयात नर्स. पगाराच्या पावत्या, ओळखपत्रं, गावाकडचे पत्ते, सगळं व्यवस्थित. सोसायटीतल्या एका गृहस्थांनी मला फोन केला, ‘मुलींची नाइट ड्यूटी असते, येणं-जाणं बरं दिसत नाही.’ मी वाद घातला नाही. एजंटला सांगितलं, ‘राहू द्या, दुसरं बघा.’

संध्याकाळी त्यांच्यापैकी एकीचा फोन आला. ती म्हणाली, ‘सर, आमचं काही चुकलं का? सांगितलंत तर पुढच्या ठिकाणी आधीच दुरुस्त करू.’

मी काहीतरी पुटपुटलो. बहुधा ‘फ्लॅट आत्ताच गेला’ असंच म्हणालो.

तीन रात्री झोप लागली नाही. चौथ्या दिवशी मी फोन केला. त्यांनी तोवर दुसरीकडे खोली घेतली होती. ‘लहान आहे, पण चालेल,’ म्हणाली. आवाजात राग नव्हता. त्यानंतर माझा फ्लॅट दोन महिने रिकामा राहिला. १४ दुणे २८ हजार. पूर्वग्रहाची किंमत मी रोखीत मोजली. पण त्या दोघींनी काय मोजली, ते माझ्या हिशेबात येत नाही.

मी हे का सांगतोय? भाड्याच्या घराच्या परताव्याची चर्चा आपण टक्क्यांत करतो. पण कुणाच्या डोक्यावर छप्पर असावं, हे ठरवण्याचा अधिकारही त्या खरेदीखताबरोबर आपल्या हातात येतो. हा अधिकार आपल्याविरुद्ध वापरला जातो तेव्हा तो अन्याय असतो, हे आपल्याला नीट कळतं. आपल्या हातात आला की त्याच अधिकाराला आपण ‘सोसायटीचं वातावरण’ म्हणतो. भाडेकरू निवडायला तीन गोष्टी पुरतात : भाडं परवडेल इतकं उत्पन्न, खरी ओळखपत्रं, आणि आधीच्या घरमालकाशी एक फोन. धर्म, जात, लग्न झालंय की नाही, डब्यात काय असतं, याने भाडं वेळेवर येत नाही.

आता थोडं कागदपत्रांबद्दल. यात आपल्या वस्त्यांमधली माणसं सर्वात जास्त मार खातात.

महाराष्ट्रात भाड्याचा करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मग तो ११ महिन्यांचा असला तरी. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ नुसार ही जबाबदारी घरमालकाची आहे. न केल्यास शिक्षेची तरतूद आहे, आणि वाद झाला तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या धरल्या जातात. ‘ओळखीतला आहे, नोटरी करू’ म्हणणारे पुढे रडतात. लीव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवलेला असेल, तर मुदत संपल्यावर ताबा मिळवायला सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं आणि घर न सोडणाऱ्याकडून दुप्पट दराने भरपाई मागता येते. नोंदणी ऑनलाइन होते. भाडेकरूची माहिती पोलिसांकडेही द्या. हे सगळ्यांना लागू आहे, यात भाडेकरूवर अविश्वास नाही.

मुंब्रा, भिवंडी, कुर्ल्याच्या मित्रांसाठी ‘हेवी डिपॉझिट’बद्दल. पाच-सहा लाख एकदम द्यायचे, भाडं नाही, सोडताना पैसे परत. व्याजाचा संबंध नाही म्हणून अनेकांना हे सोपं वाटतं. पण नीट बघा : हे भाडेकरूने मालकाला दिलेलं विनातारण कर्ज आहे. मालकाने ते पैसे दुसऱ्या धंद्यात घातले आणि बुडाले, तर तुमचे परत कुठून येणार? आणि तुम्ही मालक असाल, तर तो पैसा उत्पन्न नाही, देणं आहे. असा व्यवहार करणारच असाल तर रक्कम बँकेतून द्या आणि करारात नोंदवा. रोखीत मुळीच नको.

आणि सर्वात महत्त्वाचं : स्वस्त घर स्वस्त का आहे? ४ एप्रिल २०१३ ला मुंब्र्याजवळ शीळफाट्याला बांधकाम चालू असलेली एक बेकायदा इमारत कोसळली. ७४ माणसं गेली. इमारत पूर्णही झालेली नव्हती, तरी माणसं राहायला आली होती. आपल्याला शहरात इतरत्र सहज घर मिळत नाही, म्हणून आपण ठरावीक वस्त्यांत दाटतो. तिथे घरांची गरज मोठी आणि परवानग्या कमी. मग ‘गुंतवणूक’ म्हणून विकलं जातं ते कधी कधी नुसतं स्लॅब आणि भिंती असतात. बांधकाम परवानगी आणि भोगवटा प्रमाणपत्र नाही, तर घर घेऊ नका. नवीन प्रकल्प असेल तर महारेराच्या संकेतस्थळावर नोंदणी क्रमांक तपासा. तीस वर्षांचा शोध अहवाल स्वतःच्या वकिलाकडून काढा, बिल्डरच्या वकिलाकडून नको. जमीन सोसायटीच्या नावावर झालीय का, अभिहस्तांतरण झालंय का, विचारा. वकिलाचे दहा-पंधरा हजार वाचवायला गेलेल्यांचे दहा-पंधरा लाख गेलेले मी बघितले आहेत.

माझी दुसरी चूक इथेही लागू होते. ‘आपल्यातलाच भाडेकरू’ म्हटलं की भाडेकरूंचा बाजार तुम्हीच लहान करता. आणि ठरावीक वस्तीतच घर घेतलं की विकताना गिऱ्हाईकही मोजकंच मिळतं. राहायला शेजार हवा हे मला समजतं, सुरक्षिततेचा प्रश्न खरा आहे. पण गुंतवणूक करताना हा धोका आकड्यात धरा.

मग भाड्याचं घर म्हणजे तोटाच का? नाही. माझ्या खालाचं उदाहरण देतो. तीही मिरजेची. खालू ट्रकवर होते, २०११ मध्ये गेले. खालाकडे स्वतःचं बैठं घर होतं आणि पदरात दोन मुली. तिने थोडं सोनं मोडलं, खालूंचे जमलेले पैसे घातले, महापालिकेची परवानगी घेतली आणि वर दोन खोल्या बांधल्या. खर्च साडेचार लाख. एक रुपया कर्ज नाही. मिरज हे दवाखान्यांचं गाव. शिकणारे विद्यार्थी, नर्स, कंपाउंडर यांना खोल्या लागतातच. प्रत्येकी अडीच हजार, वर्षाला साठ हजार. खर्च जाऊन पन्नास हजार हातात. साडेचार लाखांवर अकरा टक्के. पुढे भाडं वाढत गेलं, खर्च तेवढा वाढला नाही. दोन्ही मुली त्या भाड्यावर शिकल्या. खालाला कुणापुढे हात पसरावा लागला नाही, भावांपुढेही नाही.

माझ्यात आणि खालात फरक काय? तिची जमीन आधीच होती. तिने उसने पैसे घेतले नाहीत. ती खाली राहते, नळ गळला तर तिला वरून ऐकू येतं. भाडेकरू कोण असेल, हे तिला बांधायच्या आधी माहीत होतं. आणि घर तिच्या नावावर आहे. मी इंजिनिअर, ती सातवी पास.

भाड्याचे फायदे खरे आहेत. महागाई वाढते तसं भाडंही वाढतं. करारात दरवर्षी पाच टक्के वाढ लिहिता येते. घर एका रात्रीत शून्य होत नाही. नोकरी नसलेल्या बाईला, म्हाताऱ्या आई-वडिलांना दरमहा ठरावीक पैसे मिळतात. पण हे फायदे मुख्यतः कर्ज नसलेल्या घराचे आहेत. २०२० च्या टाळेबंदीत राज्य सरकारने घरमालकांना किमान तीन महिने भाडेवसुली पुढे ढकलायला आणि कुणाला घराबाहेर न काढायला सांगितलं होतं. योग्यच होतं. कर्ज नसलेला मालक ते पाळू शकत होता. ज्याचा सगळा हप्ता भाड्यावर उभा, तो कितीही चांगला माणूस असला तरी निर्दय व्हायला लागतो. आमच्या वाड्यातल्या बाई पाच महिने थांबू शकल्या, त्यामागे त्यांचा चांगुलपणा होता आणि त्यांच्यावर हप्ता नव्हता हेही होतं.

व्याजाबद्दल तुम्ही विचारणार, म्हणून आधीच बोलतो. राहत्या घरासाठी बँकेचं कर्ज घ्यावं की नाही, यावर आपल्यात मतभेद आहेत. मी आलिम नाही, फतवा देणार नाही. एवढंच म्हणतो : जे लोक गरज म्हणून त्याला मान्यता देतात, त्यांनाही दुसरं, भाड्याने द्यायचं घर ‘गरज’ म्हणून दाखवता येणार नाही. आणि या एका बाबतीत तुमची श्रद्धा आणि माझा कॅल्क्युलेटर एकच सांगतात.

शेअर बाजारात नोंदलेले रिअल इस्टेट ट्रस्ट, म्हणजे ‘रीट’, भारतात २०१९ पासून आहेत. ऑफिस किंवा मॉलच्या भाड्यातला वाटा थोड्या पैशांतही घेता येतो, आणि वाटपयोग्य रकमेचा किमान ९० टक्के भाग त्यांना वाटावा लागतो. नळ गळल्याचा फोन येत नाही. पण किंमत बाजाराप्रमाणे खाली-वर होते, त्यांच्यावरही कर्ज असतं. तुम्हाला त्यात काही वर्ज्य वाटत असेल तर कागद वाचून ठरवा.

माझा हिशेब पूर्ण करतो. २०२५ च्या सुरुवातीला मी तो फ्लॅट ४७ लाखांना विकला. ऐकणारे म्हणतात, ‘वा, पाच लाख सुटले!’ साडेचौदा लाख आधी घातले होते. पावणेतीन वर्षांत हप्त्यांमधून भाडं वजा जाता सात लाखांच्या आसपास खिशातून गेले. बँकेचे उरलेले आणि एजंटचे देऊन हातात आले सोळा लाखांच्या थोडे वर. साडेएकवीस घातले, सव्वासोळा आले.

अब्बांना सांगायला मिरजेला गेलो. सगळे आकडे कागदावर लिहून नेले होते. त्यांनी चष्मा लावून कागद पूर्ण वाचला, मास्तरांसारखी एक बेरीज पुन्हा करून पाहिली. मग मी त्यांना नांदेडच्या मुलींचंही सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘पैशाचं ठीक आहे. त्या पोरींचा नंबर आहे का?’ नंबर होता. मी फोन केला आणि माफी मागितली. ती म्हणाली, ‘सर, एवढ्या दिवसांनी कशाला?’ बरोबर होतं तिचं.

जाता जाता एक काम सांगतो. घर घ्यायचं मनात असेल तर आज रात्री एका कागदावर चार ओळी लिहा. सगळे खर्च धरून खिशातून एकूण किती जाणार? सगळे खर्च वजा जाता वर्षाला हातात किती येणार? कर्जाचा दर अडीच टक्क्यांनी वाढला आणि त्याच वेळी घर चार महिने रिकामं राहिलं, तर मी टिकेन का? आणि चौथी ओळ : दारात घर मागायला कोण आलं तर मी नाही म्हणेन, आणि का? पहिल्या तीन ओळी घरच्यांना दाखवा. चौथी स्वतःच एकदा वाचा.

प्रश्न विचारा.